मौल्यवान वस्तू रजिस्टर्ड पोस्टाने पाठवाव्यात का?

सांजवारा (धागाकर्ती)

वडील गेले त्याला वर्ष होत आलं. त्यांच्या मागे राहिलेल्यांपैकी चांदीची ३७ नाणी, सोन्याच्या केसचं एक मनगटी घड्याळ आणि जुन्या टपाल तिकिटांचा अल्बम धाकट्या बहिणीकडे जायचा आहे. ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. तिचं मूल लहान, माझं पाठीचं दुखणं. इतक्यात दोघींपैकी कुणालाच एवढा प्रवास झेपणार नाही.

कुरियरकडे चौकशी केली तर नाणी आणि सोनं म्हटल्याबरोबर त्यांनी नाही म्हटलं. एक नातेवाईक सांगतात, "आत काय आहे ते बोलायचंच नाही, पुस्तकं म्हणून पाठव." मन धजत नाही. राहिलं रजिस्टर्ड पोस्ट. ते खरंच सुरक्षित असतं, की तो जुन्या काळचा विश्वास आहे? वस्तू हरवली तर पैसे मिळतीलही, पण बाबांनी रोज किल्ली दिलेलं घड्याळ मिळणार नाही. म्हणून भरपाईपेक्षा ते पोचेल कसं, याचीच मला जास्त काळजी आहे. ज्यांनी असं काही पाठवलं आहे त्यांनी कृपया लिहावं.

निळी शाई

ताई, माझा अनुभव चांगला नाही, तरी सांगते. आजीच्या कानातल्या कुड्या मी रजिस्टर करून मावशीकडे पाठवल्या होत्या. ट्रॅकिंगवर "वितरित" असं दिसलं, पण मावशीला काहीच मिळालं नव्हतं. पावतीवर कुणाची तरी सही होती. ती कुणाची, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तक्रार केली, चौकशी झाली, आणि भरपाई म्हणून एक ठरावीक रक्कम हातात पडली. कुड्यांच्या किमतीपुढे ती काहीच नव्हती. रजिस्टर केलं म्हणजे विमा आपोआप आला, असं मी धरून चालले होते. तसं नसतं, हे मला तेव्हा कुणीच सांगितलं नाही.

पाऊलवाट

स्वतः जाऊन द्या. उशीर झाला तर होऊ द्या. आपल्या हातासारखं सुरक्षित काही नाही.

लाखबंद

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं रजिस्टर शाखेत काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. निळी शाई यांचं दुःख मी समजू शकतो. त्यांच्या बाबतीत नक्की कुठे बिनसलं, तेही सांगतो.

साधं टपाल गठ्ठ्याने जातं. एक पत्र कमी झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ते मोजलेलंच नसतं. रजिस्टरचा प्रत्येक नग खिडकीवर घेतला की त्याला क्रमांक मिळतो आणि तिथून पुढे तो सहीशिवाय हलत नाही. मी तुम्हाला नग दिला की यादीवर तुमची सही घेणार, तुम्ही पुढच्याला दिला की त्याची घेणार. नग बंद पोत्यात जातो, पोत्याला सील असतं, आत यादी असते, आणि उघडणारा यादीशी एकेक नग ताडून पाहतो. एक जरी कमी भरला तरी तिथेच काम थांबतं आणि कमी भरल्याची नोंद होते. मुक्कामाला नग कुलुपात ठेवतात. आता बऱ्याच ठिकाणी सहीची जागा स्कॅनने घेतली आहे, पण मूळ कल्पना तीच: कोणत्याही क्षणी ती वस्तू कुणाच्या तरी नावावर असते.

रजिस्टर टपाल सावकाश जातं, त्याचं कारणही हेच. लोक खिडकीवर येऊन रागवायचे, "एवढे पैसे घेता आणि साध्यापेक्षा उशिरा पोचतं!" प्रत्येक हातबदलाला मोजणी आहे, सही आहे, कुलूप आहे. त्याला वेळ लागणारच. घाईची वस्तू असेल तर वेगळी सेवा घ्या. घाई नसेल आणि वस्तू जपायची असेल, तर हा सावकाशपणाच तुमच्या कामाचा.

आता विमा. रजिस्टर करणं म्हणजे पाळत, विमा म्हणजे पैसे. दोन्ही वेगळे आहेत. नुसत्या रजिस्टरला हरवल्याची भरपाई ठरावीक असते, आत हिरा असो की वाढदिवसाचं कार्ड. वस्तूच्या किमतीइतकी भरपाई हवी तर किंमत जाहीर करून विमा उतरवावा लागतो. देशोदेशींचे अंतर्गत नियम वेगवेगळे आहेत, पण जागतिक टपाल संघाचे, म्हणजे १८७४ साली बर्नमध्ये झालेल्या करारातून उभ्या राहिलेल्या संघाचे, आंतरराष्ट्रीय नियम हा फरक स्पष्ट करतात, आणि ठिकठिकाणचे नियम साधारण त्याच वळणाचे असतात.

निळी शाई यांच्या बाबतीत साखळी शेवटच्या कडीला तुटली. दारात कोण उभं आहे, हे वाटेतल्या साऱ्या सह्यांना माहीत नसतं. माझ्या मते या पद्धतीची सगळ्यात कमकुवत जागा तीच आहे.

तिकीटवेल्हाळ

लाखबंद काकांशी पूर्ण सहमत. तिकिटं जमवणारे आम्ही लोक एकमेकांना सतत रजिस्टर करून वस्तू पाठवत असतो.

या भरवशाची दोन मोठी उदाहरणं आहेत. १९०५ साली दक्षिण आफ्रिकेत कलिनन हिरा सापडला, ३,१०६ कॅरटचा. तो लंडनला न्यायचा होता. पहारेकऱ्यांसह बोटीवर चढवला तो नकली खडा. खरा हिरा साध्या खोक्यात रजिस्टर्ड पोस्टाने गेला. दुसरं उदाहरण होप हिऱ्याचं. जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी १९५८ च्या नोव्हेंबरात तो स्मिथसोनियन संग्रहालयाला भेट दिला, आणि न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला पाठवला तो तपकिरी कागदात गुंडाळून, रजिस्टर्ड पोस्टाने. टपालाचा सगळा खर्च १४५ डॉलर २९ सेंट. त्यातलं टपाल हशील फक्त २ डॉलर ४४ सेंट होतं, बाकी सारे पैसे १० लाख डॉलरच्या विम्याचे. काकांनी पाळत आणि पैसे असा जो फरक सांगितला, तो या एका पावतीवर दिसतो. ते वेष्टन आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय टपाल संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

रानजाई

हिऱ्यांच्या गोष्टी छान आहेत, पण पोचलेल्या हिऱ्यांच्याच गोष्टी सांगितल्या जातात. ८ ऑगस्ट १९६३ ला ग्लासगोहून लंडनला निघालेली टपालगाडी लुटली गेली. चोरांनी सगळी गाडी धुंडाळली नाही. जास्त किमतीची पाकिटं एका विशिष्ट डब्यात असतात हे त्यांना ठाऊक होतं, तोच डबा त्यांनी फोडला. सुमारे २६ लाख पौंड गेले. मौल्यवान टपाल वेगळं काढून एकत्र ठेवलं की त्याच्यावर पहारा ठेवणं सोपं होतं, पण ते कुठे आहे हे माहीत असणाऱ्याचंही काम सोपं होतं. या पद्धतीवर आंधळा विश्वास नको, एवढंच म्हणणं.

लाखबंद

रानजाई, मुद्दा बरोबर आहे, आणि त्यावरचा उपाय त्या दरोड्यापेक्षाही जुना आहे. घोडागाड्यांतून टपाल जायचं आणि वाटेत गाड्या लुटल्या जायच्या, तेव्हा इंग्लंडात लोक नोटा मधोमध कापून दोन अर्धे दोन वेगळ्या टपालांनी पाठवायचे. पहिला पोचल्याचं कळलं की दुसरा टाकायचा. चोराला अर्ध्या नोटेचा उपयोग नाही.

सांजवारा, तुमच्यासाठी यातला सल्ला असा: सगळं एका खोक्यात घालू नका. नाणी एका पाकिटात, घड्याळ आणि अल्बम दुसऱ्यात. पहिलं पोचल्यावरच दुसरं टाका. खर्च दुप्पट होईल, पण सगळंच एका वेळी जाणार नाही.

सांजवारा

काका, मनापासून आभार. दोन पाकिटांची कल्पना मला सुचलीच नसती. आता पुढचा प्रश्न. "पुस्तकं म्हणून पाठव" हा सल्ला इतके जण देतात, की मीच भित्री आहे की काय असं वाटायला लागलं आहे. आणि किंमत किती लिहू? घड्याळाची मला तरी किंमत करता येत नाही.

वहीखाते

मी विम्याचे दावे तपासण्याच्या कामात आहे, म्हणून यावर मी लिहिते.

आत काय आहे ते खोटं सांगणं हा या धाग्यावरचा सर्वांत वाईट सल्ला आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत नाणी, नोटा, सोनं, चांदी, रत्नं, दागिने साध्या टपालातून पाठवायला मनाई आहे. ती विम्याने जावीत अशी अपेक्षा आहे. काही देश बंद पाकिटात, रजिस्टर करून पाठवू देतात. पुस्तकं म्हणून लिहिलंत आणि पाकीट हरवलं, तर तुमच्याच सहीचा कागद सांगणार की आत पुस्तकं होती. मग नाण्यांचे पैसे कुठल्या तोंडाने मागणार? वर खोटी घोषणा केल्याचं बालंट वेगळं. नाव लपवायचं असेल तर बाहेरच्या कागदावर लपवा: दुकानाचा शिक्का नको, "घड्याळ" असा शब्द नको, नाजूक वस्तूची भडक पट्टी नको. कचेरीला मात्र विचारलं तर खरं सांगा.

किमतीबद्दल. प्रत्यक्ष किमतीपेक्षा जास्त विमा उतरवू नका. जाणूनबुजून फुगवलेली किंमत लावली तर टपाल खात्यावर कसलीच जबाबदारी राहत नाही, जास्तीची तर नाहीच, खऱ्या किमतीचीही नाही. कमी रकमेचा विमा उतरवायला हरकत नसते. घड्याळ एखाद्या जाणकाराला दाखवा आणि मूल्य कागदावर लिहून, तारखेसह सही घ्या. हा कागद पाठवण्याच्या आधीचा असला पाहिजे. हरवल्यानंतर आणलेल्या मूल्यांकनाकडे आम्ही संशयाने पाहतो, आणि पाहायलाच हवं.

प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. घड्याळाचा अनुक्रमांक टिपा. आठवणींची भरपाई कुठलाच विमा देत नाही, म्हणून तेवढ्यासाठी जास्त पैसे भरू नका. ते पैसे बांधणीवर घाला.

चौकटीबाहेर

कुणी पदव्यांची मूळ प्रमाणपत्रं, दस्तऐवज पाठवत असेल तर तिथे विम्याचं गणित वेगळं असतं ना?

वहीखाते

हो. अशा कागदाचं मोल म्हणजे तो हरवल्यावर नवा मिळवायला येणारा खर्च, तेवढीच रक्कम लावता येते. त्याच्यामुळे हुकलेली नोकरी किंवा बुडालेला सौदा कुणी भरून देत नाही. अप्रत्यक्ष नुकसान सगळीकडेच वगळलेलं असतं.

तिकीटवेल्हाळ

बांधणीवर मी लिहितो, तोच माझा रोजचा विषय.

नाणी एकमेकांना लागता कामा नयेत. खोक्याच्या आत जे खुळखुळतं, त्याने आत धातू आहे हे वाटेतल्या प्रत्येकाला कळतं, शिवाय नाण्यांवर ओरखडे येतात ते वेगळंच. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी घडीत किंवा नाण्यांच्या पाकिटात ठेवा, पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांमध्ये चिकटवा, मग ते सगळं आतल्या घट्ट खोक्यात. ते खोकं बाहेरच्या खोक्यात, आणि मधली जागा दाबून भरलेली. खोकं कानाशी धरून हलवा. आवाज आला तर सगळं पुन्हा उघडा. आतल्या खोक्यावरही दोन्ही पत्ते लिहा. बाहेरचं वेष्टन फाटलं तर वस्तू बेवारस होत नाही.

अल्बमला ओलाव्याची भीती, म्हणून तो आधी प्लास्टिकच्या पिशवीत. घड्याळाला मऊ कापड आणि भोवती फोम.

चिकटपट्टीबद्दल सगळ्यात जास्त चुका होतात. चकचकीत प्लास्टिकची पट्टी आपल्याला मजबूत वाटते, पण ती हलक्या हाताने उचलून परत बसवता येते. अमेरिकेच्या टपाल खात्यात तर रजिस्टर करायच्या पाकिटाला अशी पट्टी चालतच नाही. सगळ्या सांध्यांवर कागदी पट्टी हवी, कारण तारखेचा शिक्का अर्धा पट्टीवर आणि अर्धा कागदावर मारतात. शाई कागदात मुरते. पट्टी उचलली तर शिक्का परत जुळत नाही.

लाखबंद

तिकीटवेल्हाळांनी शिक्क्याचं नेमकं सांगितलं. लाखेच्या मोहरांमागेही तोच विचार आहे. विम्याच्या नगावर सगळ्या मोहरा एकसारख्या आणि पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या खुणेच्या हव्यात, असा नियम असतो. खुणेला अंगठी चालेल, जुनी मुद्रा चालेल, पण कुणाकडेही सापडेल असं नाणं किंवा बटण वापरू नका. मोहोर सांध्यावर बसली पाहिजे, कागदाच्या मध्यावर नुसती शोभेला नको.

आणखी काही नियम आहेत, बाहेरून ते उगाच वाटतात. विम्याच्या पाकिटावर तिकिटं लावली तर ती एकमेकांपासून सुटी लावायची, आणि पाकिटाच्या कडेवर दुमडून दोन बाजूंना येतील अशी लावायची नाहीत. तिकिटाखाली चीर लपवता येते, हे त्याचं कारण. पत्ता पेन्सिलीने नको. विम्याच्या रकमेत खाडाखोड नको, चुकली तर नवं वेष्टन.

आणि वजन! विम्याचा नग खिडकीवर ग्रॅमपर्यंत तोलून वजन त्याच्यावर लिहितात. लोक तिकडे लक्षच देत नाहीत. आम्ही आधी तेच पाहायचो. कुणी वस्तू काढून त्या जागी काही भरलं तर ग्रॅममध्ये फरक पडतो, आणि तो कुठल्या मुक्कामावर पडला हे कळलं की चौकशी तिथूनच सुरू होते. तुम्हीही घरी तोला, खिडकीवरचा आकडा टिपून घ्या, आणि बहिणीला फोनवर सांगा.

पाऊलवाट

काका, एक शंका. पावतीवरचा तो लांबलचक क्रमांक खरा की खोटा, हे ओळखता येतं का? जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाने मला असा क्रमांक दिला आणि पैसे घेऊन गायब झाला.

तिकीटवेल्हाळ

थोडंफार ओळखता येतं. आंतरराष्ट्रीय क्रमांक १३ घरांचा असतो: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग आठ अंक, एक तपासणीचा अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. पहिलं अक्षर आर असेल तर रजिस्टर, व्ही असेल तर विम्याचं, ई असेल तर जलद टपाल. आठ अंकांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा, बेरीज करा, ११ ने भागा, आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करा. उत्तर १० आलं तर ० धरायचं, ११ आलं तर ५. उदाहरणार्थ १२३४५६७८ घ्या. बेरीज २०४, बाकी ६, म्हणून तपासणीचा अंक ५. जुळला नाही तर क्रमांक चुकीचा उतरवलेला आहे किंवा मनाने रचलेला. जुळला म्हणून वस्तू टाकलीच आहे असं मात्र नाही. विकणाऱ्याकडे खिडकीवरच्या पावतीचा फोटो मागा.

निळी शाई

हे सगळं मला तेव्हा माहीत असतं तर! पण शेवटच्या कडीचं काय? माझ्या कुड्या तिथेच गेल्या.

लाखबंद

त्यासाठी तीन गोष्टी. एक, "खुद्द पत्त्यावरच्या व्यक्तीच्याच हाती" अशी सोय बऱ्याच ठिकाणी थोडे जास्त पैसे भरून मिळते, ती घ्या. दोन, पोचपावती जोडा, म्हणजे सही केलेलं कार्ड तुमच्याकडे परत येतं. तीन, बहीण दिवसभर घरी नसेल तर पाकीट कार्यालयातच ठेवून घ्यायला सांगा, तिने ओळखपत्र दाखवून न्यावं. दारापेक्षा खिडकी चांगली, कारण तिथे काटा असतो आणि साक्षीला माणूस असतो.

सही करण्याआधी पाकीट सगळ्या बाजूंनी पाहायचं. मोहोर, सांधे, वजन. फरक दिसला तर सही देण्याआधी तो लिहून घ्यायला लावायचा आणि त्यांच्यासमोर उघडायचं. मुकाट्याने सही केली की खात्याची जबाबदारी साधारणपणे संपते. घरी जाऊन उघडल्यावर कमी भरलं तर लगेच त्याच दिवशी कळवा, पण ते सिद्ध करणं फार अवघड जातं. रिकामं वेष्टनही टाकू नका, चौकशीत तेच बोलतं.

आणि पोचलं नाही तर वाट पाहत बसू नका. आंतरराष्ट्रीय नगाची चौकशी टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आतच घेतात. देशातली मुदत त्याहून कमी असू शकते, पावतीच्या मागे पाहा.

निळी शाई, तुमच्या पावतीवर सही होती म्हणता. ती सही कुणाची, हे लेखी विचारण्याचा तुम्हाला हक्क होता, आणि सहीची प्रत द्यायला हवी होती. कार्यालयाने ते केलं नाही, ही त्यांची चूक आहे. मी त्याच खात्यात काम केलं, तरी हे म्हणतो.

निळी शाई

काका, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी हे मान्य केलं. धन्यवाद.

सांजवारा

सगळ्यांना कळवते. नाण्यांचं पाकीट मागच्या आठवड्यात टाकलं. मूल्यांकन करून घेतलं, फोटो काढले, विमा उतरवला, खुद्द बहिणीच्याच हाती अशी नोंद केली. मोहरेसाठी बाबांची एक जुनी मुद्रिका सापडली, तिच्यावर त्यांचं आद्याक्षर आहे. लाख वितळवताना हात थरथरत होता, पहिल्या दोन मोहरा बिघडल्या, म्हणून वेष्टनच बदललं. खिडकीवरच्या बाईंनी वजन लिहिलं १,२८४ ग्रॅम. घरच्या काट्यावर १,२८५ आलं होतं.

रानजाई

वाट पाहतेय. पोचल्यावर नक्की लिहा.

सांजवारा

आज बहिणीचा फोन आला, खिडकीवरूनच. दहा दिवस लागले. काट्यावर १,२८४ भरलं. पण कोपऱ्यातली एक मोहोर दुभंगलेली होती. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे सही न करता तिने ते पावतीवर लिहून घेतलं आणि तिथेच उघडलं. नाणी एकेक करून मोजली. ३७.

लाखबंद

उत्तम केलंत. मोहरेला तडा होता, की ती कापून उचललेली होती? खालचा कागद पाहिला का?

सांजवारा

विचारलं. तडाच आहे, खालचा कागद अखंड, आणि दोन्ही तुकड्यांवर मिळून अक्षर पूर्ण वाचता येतं. घड्याळ उद्या टाकते.